नाशिकमध्ये न्यूट पाळताना: गार टँक आणि एकच जात

नाशिकमध्ये न्यूट पाळायचे असतील, तर टँक केवढा घ्यावा यापेक्षा त्यातले पाणी मे महिन्यात किती गार राहील, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. न्यूट हे शेपटी असलेले उभयचर असून त्यांच्या बहुतेक जाती थंड हवेच्या प्रदेशांतल्या तळ्यांत आणि ओढ्यांत राहतात. छंद म्हणून जगभर पाळल्या जाणाऱ्या चिनी आणि जपानी फायर-बेली न्यूटना साधारण १६ ते २० अंश सेल्सियसचे पाणी मानवते. पाणी २४ अंशांच्या वर टिकून राहिले, की त्यांचे खाणे कमी होते, ते पाण्याबाहेर पडू पाहतात आणि आजार पटकन पकडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधले टँकचे पाणी सहज तिशी गाठते.

पाणी गार ठेवायला पैसे लागतात आणि इथेच पुढच्या चुकीची सुरुवात होते. एकदा चिलर बसवला किंवा एसीच्या खोलीत टँक मांडला, की "गार पाणी आहेच, तर दुसरी जातही त्यातच सोडू" असा विचार हमखास डोके वर काढतो. तो का टाळावा आणि टाळूनही खर्च कसा आवाक्यात ठेवावा, हे या लेखात सांगायचे आहे.

घेण्याआधी कायदा

भारताच्या ईशान्येकडील डोंगराळ भागात आढळणारा हिमालयीन न्यूट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे आणि विक्रेत्याने काहीही सांगितले तरी त्यात बदल होत नाही. परदेशी जातींपैकी ज्या साइट्स (CITES) या वन्य प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतात, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ॲक्सोलॉटल, वॉर्टी न्यूट आणि क्रोकोडाइल न्यूट यांचा त्यांत समावेश होतो. (ॲक्सोलॉटल हा खरे तर न्यूट नसून वेगळ्या कुळातला सॅलॅमँडर आहे; सॅलॅमँडर म्हणजे शेपटीवाल्या उभयचरांचा मोठा गट, न्यूटही त्यातच येतात. पण दुकानात दोघे शेजारी ठेवलेले असतात म्हणून उल्लेख केला.) प्राणी कुठून आला आणि बंदिवासात जन्मलेला आहे का, याची कागदोपत्री माहिती न देणाऱ्याकडून तो घेऊच नये.

टँक आणि पाणी

लहान जातीच्या दोन-तीन न्यूटसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक पुरतो. तो दुपारनंतर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, शक्यतो उत्तरेकडच्या खोलीत ठेवावा. पाणी वीस-पंचवीस सेंटिमीटर खोल असावे, एका बाजूला चढून बसण्यासाठी कॉर्कची साल किंवा गुळगुळीत दगड ठेवावा आणि तळाशी बारीक वाळू घालावी किंवा तळ मोकळाच सोडावा. मध्यम आकाराचे खडे घालू नयेत, कारण घासाबरोबर ते गिळले जातात. न्यूटना वाहते पाणी त्रासदायक होते, म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. झाकणाच्या बाबतीत मात्र हयगय नको. ओल्या अंगाचा न्यूट उभ्या काचेला चिकटून वर चढतो, पंपाच्या नळीसाठी ठेवलेल्या फटीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखाली वाळलेला सापडतो.

महानगरपालिकेचे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणातून येते आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळले जाते. ते अँटिक्लोर (क्लोरीन काढणारे द्रावण) घातल्याशिवाय टँकमध्ये ओतू नये. नवा टँक फिल्टर चालू ठेवून किमान महिनाभर तयार होऊ द्यावा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. पाण्यातला ॲमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी केल्यावरच प्राणी आणावेत आणि पुढे दर आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे.

गार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-चार अंशांनी उतरते आणि नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये हा पंखा चांगले काम करतो, मात्र जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी. बोअरचे पाणी पुनःपुन्हा घालत राहिले, तर क्षार साचत जातात. बर्फाच्या बाटल्या अडचणीच्या वेळेपुरत्या ठीक आहेत. रोजचा उपाय म्हणून त्या वाईट, कारण दिवसातून दोनदा तापमान खालीवर होते आणि ते सतत थोडे जास्त असण्याइतकेच न्यूटला सोसत नाही. थंडीत हीटरचा विचारही करू नये. डिसेंबर-जानेवारीतले नाशिक या प्राण्यांना आपोआप मानवते.

खाद्य म्हणून गांडूळ सर्वांत उत्तम, पण ते कुठून आणले याला नाशिक जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारले जाते. तांबे उभयचरांना विषारी असल्यामुळे बागेतली गांडुळे देऊ नयेत. गांडूळखताच्या प्रकल्पातली लाल गांडुळे सुरक्षित असली, तरी डिवचल्यावर ती उग्र वासाचा पिवळा द्रव सोडतात आणि पुष्कळ न्यूट ती तोंडात घेऊन थुंकून टाकतात. फवारणी न झालेल्या कुंडीतली साधी गांडुळे धुऊन, तुकडे करून द्यावीत. त्यांच्या जोडीला गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या बारीक लाल अळ्या) चालतात.

जाती मिसळल्या तर काय होते

पहिला धोका डोळ्यांना दिसणारा आहे. न्यूट हालचाल आणि वास या दोन गोष्टींवर शिकार ओळखतो, आणि गांडुळाचा वास पाण्यात पसरला की जे हलेल त्याच्यावर तोंड टाकतो. चिनी फायर-बेली जेमतेम आठ-दहा सेंटिमीटरचा असतो, तर स्पॅनिश रिब्ड न्यूट घरच्या टँकमध्येही त्याच्या दुपटीपर्यंत वाढतो. खाद्य पडल्यावर जरा जवळून पाहावे: लहान न्यूट पुढचा पाय उचलून घासाकडे सरकतो, त्या पायाची बारीक बोटे पाण्यात हलतात, आणि मोठा त्यांनाच गांडुळाचे टोक समजून पकडतो व अंगाला पीळ देत ओढतो. तुटलेले बोट न्यूटला पुन्हा फुटते, पण तोवर त्या जखमेवर कापसासारखी बुरशी धरू शकते. इतका प्रसंग आला नाही, तरी हळू खाणारा न्यूट रोज मागे राहतो आणि महिन्याभरात त्याच्या शेपटीच्या मुळाशी हाडे दिसू लागतात.

दुसरा धोका विषाचा. अनेक न्यूटच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असते, म्हणजे पफर माशात आढळणारे तेच विष. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रफ-स्किन्ड न्यूट यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि जपानी फायर-बेलीतही हे विष सापडते. प्रत्येक जातीची विषाची मात्रा आणि ते सोसण्याची ताकद वेगवेगळी असते, त्यामुळे एकाने दुसऱ्याला चावणे किंवा गिळू पाहणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते. बंदिवासात वाढलेल्या जपानी न्यूटमध्ये हे विष फारसे नसते असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे, परंतु त्यामुळे एकच धोका कमी होतो, बाकीचे तसेच राहतात.

तिसरा धोका दिसत नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरान्स नावाच्या कातडी खाणाऱ्या बुरशीचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर त्या बुरशीने जवळजवळ संपवले होते. ही बुरशी मूळची आशियातली असून काही आशियाई न्यूट तिला अंगावर बाळगूनही ठणठणीत दिसतात, तर युरोपातल्या अनेक जाती तिच्यामुळे काही आठवड्यांत मरतात. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून ती येऊ नये म्हणून अमेरिकेने २०१६ मध्ये सॅलॅमँडरच्या २० प्रजातीगटांच्या आयातीवर बंदी घातली. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे ही बुरशी १० ते १५ अंशांत जोमाने वाढते आणि २५ अंशांच्या आसपास तग धरू शकत नाही. म्हणजे न्यूटसाठी खर्च करून गार केलेला टँक तिच्याही सोयीचा ठरतो. एकाच पाण्यात आशियाई आणि युरोपीय जाती ठेवणारा पालक वाहक आणि बळी यांची गाठ स्वतःच्या हाताने घालून देतो. टँक तापवून बुरशी मारण्याचा प्रयोग मात्र पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नये, कारण पुष्कळ जातींना ती उष्णताच मारते.

जवळच्या नात्यातल्या जातींचा संकरही होतो. फ्रान्समध्ये मार्बल्ड आणि क्रेस्टेड न्यूटचे संकर निसर्गातच सापडतात. अशी पिल्ले पुढे कुणाला दिली, तर वंशाची नोंद कायमची बिघडते. मासे आणि कासवे यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही: गोल्डफिश पाणी घाण करतो आणि शेपट्या कुरतडतो, गप्पीला लागणारे पाणी न्यूटला उबदार होते, आणि कासव न्यूटला खाऊन टाकते.

"आमच्याकडे वर्षभर एकत्र आहेत, काही झाले नाही" असे उत्तर यावर नेहमी मिळते. जपानी फायर-बेली नीट सांभाळला तर वीस वर्षांहूनही अधिक जगतो. त्या हिशेबाने एक वर्ष फारच थोडे आहे.

खर्च वाचवायचा तर

एकाच टँकमध्ये गर्दी करण्याऐवजी खोली गार करावी. एसी असलेल्या लहान खोलीत रॅकवर दोन-तीन छोटे टँक मांडले, की गारवा सामाईक राहतो आणि पाणी मात्र वेगळे. प्रत्येक टँकची जाळी, सायफन आणि बादली निराळी असावी आणि त्यांवर मार्करने खूण करावी. एका टँकमध्ये हात घातला, तर साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून आणि मगच दुसऱ्यात घालावा. सॅनिटायझर लावलेला हात न्यूटला मुळीच लावू नये. नवा प्राणी त्याच जातीचा असला, तरी किमान दोन महिने वेगळ्या डब्यात ठेवावा आणि त्याची देखभाल रोज सर्वांच्या शेवटी करावी.

बदललेले पाणी नाल्यात किंवा बागेत ओतू नये, तर ब्लीच मिसळून काही वेळ ठेवल्यानंतर शौचालयात ओतावे. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत स्थानिक बेडूक आणि इतर उभयचर आहेत, आणि टँकमधला आजार गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचायला एक बादली पुरते. न्यूट सांभाळणे जमेनासे झाले, तरी तो गंगापूरच्या जलाशयात सोडणे हा पर्याय नाही.

जाती आधीच मिसळलेल्या असतील, तर आज वेगळ्या कराव्यात, पण दोन्ही गट संशयित समजून. जुना टँक एका गटाकडे राहू द्यावा, दुसऱ्याला क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याचा साधा प्लॅस्टिकचा डबा द्यावा आणि ते पाणी रोज बदलावे. पुढचे दोन महिने कातडीवरचे व्रण, वारंवार कात टाकणे, खाणे सोडणे आणि डोलत चालणे यांवर लक्ष ठेवावे. यांतले काही दिसले, तर माशांची औषधे घालण्याऐवजी विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे आणि कोणत्या जाती किती काळ एकत्र होत्या, हे त्यांना पहिल्यांदा सांगावे. एखादा न्यूट दगावला, तर तो फेकू नये. पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि त्याच दिवशी तपासणीला न्यावा.