तुळशीच्या लग्नाआधी गोधड्यांना ऊन दाखवा

नाशिकची थंडी सांगून येत नाही. दिवाळीत दुपारी पंखा लावावा लागतो, आणि पुढच्या पंधरवड्यातच एखाद्या रात्री आभाळ निरभ्र होते, उत्तरेकडचा कोरडा वारा सुटतो, जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब रात्रीत निघून जाते आणि सकाळच्या वर्तमानपत्रात निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा वाचून आपण दचकतो. शहरात निफाडपेक्षा थोडी ऊब असते हे खरे, परंतु समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवरच्या या गावात किमान तापमान १० अंशांच्या आसपास आले की तयारी करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून कार्तिकातच, ऊन खणखणीत असताना, काय काय उरकून घ्यावे ते येथे लिहितो आहे. गेल्या वर्षी मी त्यातली एक गोष्ट विसरलो आणि तिची झळ मला नव्हे, घरी आलेल्या पाहुणीला लागली.

मार्गशीर्षात माझी आत्या दापोलीहून चार दिवसांसाठी आली होती. कोकणातल्या माणसाला आपल्याकडची पहाट सोसत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी डिंकाचे लाडू करवून घेतले होते, गिझर तपासला होता, तिच्यासाठी लोकरीचे मोजेसुद्धा आणले होते. रात्री साडेनऊला माळ्यावरून गोधड्यांचा गठ्ठा काढला, गाठ सोडली आणि कुबट वास खोलीभर पसरला. त्यात डांबरगोळ्यांचा उग्र दर्प मिसळलेला होता. हात लावला तर कापड गार, जड आणि दमट. दुसरे काही नव्हते म्हणून तेच अंथरले. आत्याला दम्याचा जुना त्रास आहे. रात्री दोन वाजता ती उठून बसली आणि तिचा खोकला थांबेना. शेवटी सगळ्या गोधड्या गॅलरीत टाकल्या, आईची शाल आणि दोन सोलापुरी चादरी तिच्या अंगावर घातल्या, आणि पहाटेपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहिली. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती एवढेच म्हणाली, “अरे, यांना ऊन दाखवलं नव्हतंस का?”

दाखवले नव्हते. म्हणून या यादीत पहिले काम तेच, आणि बाकी सगळे राहिले तरी चालेल, पण हे राहता कामा नये: तुळशीच्या लग्नाआधी घरातल्या प्रत्येक गोधडीला, रजईला आणि दुलईला सलग तीन दिवस कडकडीत ऊन मिळाले पाहिजे. गोधडी स्वतः ऊब निर्माण करत नाही. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब धरून ठेवते, आणि ती हवा राहण्यासाठी कापूस कोरडा व फुललेला असावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात माळ्यावर, दिवाणात किंवा कपाटाच्या तळाशी पडून राहिलेला कापूस हवेतला दमटपणा ओढून घेतो, बसतो, त्याच्या गुठळ्या होतात, त्यात बुरशीचा वास धरतो आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना आसरा मिळतो. अशी गोधडी दुप्पट जाड असली तरी निम्मी ऊबही देत नाही. एक दिवस ऊन दिले की वरचा थर तापतो आणि आपली समजूत होते की काम झाले. आतला ओलावा निघायला दुसरा आणि तिसरा दिवस लागतो. एका दिवसावर भागवू नका.

ऊन देण्याचीही रीत आहे. सकाळी दहाच्या सुमारास, गच्चीवरचे दव पूर्ण वाळल्यावर गोधड्या पसराव्यात, एकच्या सुमारास उलटाव्यात, काठीने दोन्ही बाजूंनी झोडपाव्यात आणि चार वाजता, ऊन कलायच्या आत, खाली आणाव्यात. चार म्हणजे चार. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यानंतर हवेतला गारवा आणि ओल वाढत जाते, आणि संध्याकाळी सातला आठवण होऊन आणलेली गोधडी दिवसभर कमावलेले सगळे गमावून बसलेली असते. खाली आणल्यावर लगेच घडी घालू नये. खाटेवर तासभर मोकळी पसरावी आणि निवल्यावरच घडी करावी. कबुतरांचा उपद्रव सध्या सगळ्या नाशिकभर आहे, म्हणून वर एखादी जुनी सुती साडी टाकावी. सुती पातळ कापडातून ऊन उतरते, विष्ठा उतरत नाही.

धुवायच्या गोधड्या वेगळ्या काढा आणि त्या याच्याही आधी, दिवाळीच्या साफसफाईतच धुवा. आमच्याकडे आजीच्या नऊवारी लुगड्यांची एक गोधडी आहे. तिच्या एका कोपऱ्याला आजोबांच्या पंच्याचा तुकडा लावलेला आहे, धावदोरा इतका बारीक की बोट फिरवले तर पावसाने ओल्या झालेल्या वाळूवरच्या रेषांसारखा जाणवतो, आणि सहा थर असल्यामुळे ती भिजली की एकट्या माणसाला उचलत नाही. ती दोघांनी दोन टोके धरून पिळावी लागते आणि नीट वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ते तीन दिवस ऊन दाखवण्याच्या तीन दिवसांत धरू नयेत. कापसाची रजई मात्र घरी धुऊच नये; खोळ काढून धुवावी, आणि कापूस फारच बसला असेल तर तो गादीवाल्याकडून पिंजून घ्यावा. थंडी सुरू झाल्यावर त्याच्याकडे गर्दी उसळते आणि आठ-आठ दिवस रजई मिळत नाही, तेव्हा हेही आधीच करावे.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या किल्लीची व्यवस्था आधी करावी, कारण रविवारी सगळ्या इमारतीला एकाच वेळी गच्ची हवी असते. गच्ची नसेल तर दक्षिणेकडची गॅलरी पाहावी. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात जेथे ऊन पाऊलही टाकत नाही अशा दक्षिणेच्या गॅलरीत आणि खोलीतही ते आता आतपर्यंत येते. उत्तरेच्या गॅलरीतल्या दोरीवर गोधडी टाकून तिला ऊन दाखवले असे म्हणू नये. तिला केवळ वारा लागतो. आणि परत ठेवताना डांबरगोळ्या घालू नका. दम्याच्या माणसाला तो वास अत्यंत त्रासदायक होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून, जुन्या धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून ठेवावा.

स्वेटर, कानटोपी, कोल्ड क्रीम यांबद्दल वेगळे सांगायला नको.

आता खाण्याचे. डिंकाचे लाडू करणाऱ्यांपैकी निम्मे लोक डिंक दुकानातून आणून तसाच तुपात टाकतात आणि मग लाडू दाताला चिकटतो अशी तक्रार करतात. डिंकालाही ऊन लागते, गोधड्यांप्रमाणेच. मोठे खडे अडकित्त्याने फोडून हरभऱ्याएवढे करावेत, दोन दिवस ताटात पसरून उन्हात ठेवावेत, आणि मग मध्यम आचेवर भरपूर तुपात थोडे थोडे टाकून तळावेत. एक खडा काढून बोटांनी चुरडून पाहावा. आतपर्यंत पांढरा, हलका आणि कुरकुरीत असेल तरच पुढचा घाणा घालावा. मधोमध काचेसारखा टणक कण लागला तर आच मोठी झाली आहे किंवा डिंक ओला आहे. खारकेची पूड, भाजलेले सुके खोबरे, खसखस, गूळ आणि वेलदोडा हे ज्याचे त्याने आपल्या घरच्या प्रमाणाने घ्यावे. मेथीचे लाडू फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडतात, तरी थोडे करावेत, कारण या दिवसांत गुडघे त्यांचेच दुखतात.

बाजरी या सुमारास नवी येते. धान्य महिन्याचे भरा, पीठ मात्र आठवड्याचेच दळून आणा; बाजरीतल्या स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडवट होते, आणि त्या कडवटपणाला गूळ-तुपानेही उतार पडत नाही. भाकरीवर पांढरे तीळ लावायचे असतील तर तेही निवडून, धुऊन, वाळवून ठेवावेत. चातुर्मासात वांगे सोडलेली घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा वांगे खाऊ लागतात, तोपर्यंत मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला आणि पातीचा कांदा यांवर उत्तम भागते. तुळशीच्या लग्नात ऊस, चिंच आणि बोरांबरोबर आवळे येतातच, तेव्हा किलोभर जास्त घेऊन मोरावळा घालावा. भरताचे वांगे चुलीवर किंवा निखाऱ्यावर भाजता आले तर गॅसवर भाजू नये, एवढाच माझा आग्रह.

खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठू लागते, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटलीतले तेल रुंद तोंडाच्या बरणीत आताच काढून ठेवावे. पहाटे साडेपाचला बाटली गरम पाण्यात बुडवून उभे राहण्याचा कंटाळा येतो आणि अंगाला तेल लावणेच सुटते. थंडीत तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊन, पाठीवर ऊन घेत गॅलरीत बसणे याच्या तोडीचे सुख नाशिकमध्ये दुसरे नाही, आणि त्याला खर्चही नाही. ती जागा आधी रिकामी करावी: कुंड्या सरकवाव्यात, एक चटई किंवा पाट ठेवावा, आणि सकाळी साडेआठ ते साडेनऊ हा तास आईवडिलांसाठी राखावा. माझी आई तेथे बसून वाटाणे सोलते, मध्येच डोळे मिटते, आणि तिच्या पांढऱ्या केसांवरचे ऊन सरकत खांद्यावर आले की उठते.

पाणी तापवण्याचे साधन तपासा. सोलरच्या नळ्यांवर दिवाळीपर्यंतची धूळ बसलेली असते, ती पुसली नाही तर पाणी कोमटच येते. गिझरच्या कॉइलवर क्षार साचलेले असतात. मिस्त्री नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलावला तर दुसऱ्या दिवशी येतो, अखेरीस बोलावला तर केव्हा येईल याचा नेम नाही. तांब्याचा बंब ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी तो चिंचेने घासून अंगणात ठेवावा.

आणि येथे कृपया नीट लक्ष द्यावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन कोणीही झोपू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आत तो बेशुद्ध करतो आणि जीवही घेतो. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात चालवण्यातही हाच धोका आहे, म्हणून तेथे झरोका उघडा हवाच. शेगडी अंगणात, शेकोटी अंगणात, आणि खोलीत ऊब हवी असेल तर ती गोधडीने मिळवावी. अर्थात ऊन दाखवलेल्या गोधडीने. घरातली गोधडी कोरडी आणि फुललेली असेल तर शेगडी आत आणण्याची वेळच येत नाही, आणि मी तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतो आहे त्याचे हेही एक कारण आहे.

खिडक्या संध्याकाळी साडेपाचला लावाव्यात, त्या सुमारास डास जास्त आत येतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी ओतून द्यावे, कारण डेंग्यूचे दिवस अजून सरलेले नसतात. वाचण्याच्या खुर्चीजवळ पिवळा दिवा लावावा. सहालाच अंधार पडतो आणि पांढऱ्या दिव्याखाली ती लांबलचक संध्याकाळ रुक्ष वाटते.

बाहेर जाण्याच्या तयारीचे थोडक्यात सांगतो. त्रिपुरारी पौर्णिमेला रामकुंडावर दिवे सोडायला जाणार असाल तर वृद्धांना शाल घ्यावी, नदीकाठी गारवा जास्त असतो. रविवारी मिसळीला सकाळी आठच्या आत निघावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळालेला आहे, महाराष्ट्रातली ती पहिली जागा. तेथले स्थलांतरित पक्षी पाहायचे तर पहाटेच पोहोचावे, दुर्बीण आणि थर्मास न्यावा. तुरीच्या ओल्या शेंगा, हुरडा आणि द्राक्षे यांना अजून अवकाश आहे. त्यांची घाई नको.

घाई गोधड्यांची करावी. उद्या आभाळ स्वच्छ असेल तर उद्याच. आत्या यंदाही मार्गशीर्षात येणार आहे. तिच्यासाठी काढलेली आजीची गोधडी कालपासून गच्चीवर आहे. आजचा दुसरा दिवस, मघाशी मी ती उलटली तेव्हा पंच्याचा तो कोपरा हाताला चांगलाच गरम लागला. पावणेचार वाजले आहेत, मी ती खाली आणायला निघतो.