एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेताय? माझी व्हायव्हात जिथे दांडी उडाली ते आधी वाचा

गोऱ्या आणि ब्लॅक मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटला १९५४, माँटगोमेरीचा बस बहिष्कार १९५५-५६, वॉशिंग्टन मोर्चा १९६३, मग नागरी हक्कांचा ६४ चा आणि मतदान हक्काचा ६५ चा असे दोन कायदे. हे तुम्हाला येत असणारच, मलाही येत होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्याच माजात डेझर्टेशनमध्ये दोन वेगवेगळी प्रकरणं केली. एक सबर्बचं, म्हणजे शहराबाहेरच्या वस्त्यांचं, त्यात लेव्हिटाऊन (लेव्हिट नावाच्या बिल्डरने युद्धानंतर उभारलेली वसाहत), हायवे, टीव्ही, बेबी बूम म्हणजे युद्धानंतरची जन्मांची लाट, असं सगळं मजेमजेचं, आणि दुसरं ब्लॅक लोकांच्या नागरी हक्क चळवळीचं. दोघांची एकमेकांशी तोंडओळखसुद्धा नाही. गाईड सरांनी 'छान झालंय' म्हणून सही ठोकली. त्यांनी वाचलं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलं प्रकरण उघडलं आणि एवढंच विचारलं, युद्धावरून परत आलेल्या ब्लॅक सैनिकाने लेव्हिटाऊनमध्ये घर का नाही घेतलं, माजी सैनिकांना घर-शिक्षणासाठी मदत देणारा १९४४ चा कायदा, जीआय बिल, तर त्यालाही लागू होता ना? मी म्हटलं, मॅडम त्यांच्याकडे पैसे नव्हते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. पुढचं काही आठवत नाही, मार्क मात्र आठवतात.

तर हा 'पैसे नव्हते'चा खड्डा जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. १९४९ मध्ये लाँग आयलंडच्या लेव्हिटाऊनमधलं घर ७,९९० डॉलरला होतं, आणि माजी सैनिकाला डाउन पेमेंट जवळपास नाहीच. म्हणजे साध्या कामगाराच्या आवाक्यातलं घर. हे इतकं स्वस्त कशामुळे झालं? नुसतं लेव्हिटने घरं कारखान्यातल्यासारखी भराभर बांधली म्हणून नाही. १९३४ पासून एफएचए नावाचं सरकारी खातं बँकेच्या होमलोनला हमी देत होतं, कर्जदार बुडाला तर भरपाई सरकार करणार, म्हणून बँका बिनधास्त वीस-पंचवीस वर्षांचं लोन कमी व्याजाने द्यायला लागल्या, आणि बिल्डरलाही याच हमीच्या जोरावर आधीच पैसा मिळायचा. पण याच एफएचएचं स्वतःचं मॅन्युअल सांगत होतं की वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक आले तर घरांची किंमत पडते, तेव्हा अशा ठिकाणी हमी जपून द्या. लेव्हिटाऊनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात तर गोऱ्यांशिवाय कुणी राहायचं नाही असं सरळ छापलेलं होतं, घरकाम करणारे नोकर सोडून. म्हणजे खिशात पैसे असले तरी दार बंद, आणि दाराला कडी लावायला बिल्डरच्या बरोबरीने सरकारही. आता सांगा, दोन प्रकरणं वेगळी कशी राहतील?

आणि त्या माणसाला दुसरीकडे तरी घर मिळालं का? शिकागोत हजारो कुटुंबांनी कराराने घरं घेतली, म्हणजे सगळे हप्ते फिटेपर्यंत कागद विकणाऱ्याच्याच नावावर, एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि आधी भरलेले पैसेही. तेही वाजवीपेक्षा किती तरी चढ्या भावाने. पैसे नव्हते म्हणे!

अजून एक, आपला 'उपनगर' हा शब्द घोटाळा करतो. उपनगर म्हटलं की डोक्यात बोरिवली-मुलुंड येतं, लोकल, बिल्डिंगा, गर्दी. तिकडचा सबर्ब म्हणजे सुटं घर, पुढे लॉन, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही असा प्रकार, आणि मुख्य म्हणजे बऱ्याचदा त्याची नगरपालिका वेगळी, टॅक्स वेगळा, शाळा वेगळ्या. हे शेवटचं घोकून ठेवा. १९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली निकालात सुप्रीम कोर्टाने ५-४ ने ठरवलं की डेट्रॉइट शहरातल्या शाळांचं विभाजन मोडायला आजूबाजूच्या सबर्बच्या शाळांना ओढता येणार नाही. ब्राऊन निकालाची हवा तिथे निघाली. मी हा निकाल वाचला व्हायव्हानंतर चार महिन्यांनी.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स फक्त तारखांपुरत्या वापरा. त्यात चळवळ दक्षिणेत सुरू होते आणि १९६५ ला संपते. मग १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाऊनमध्ये मायर्स हे ब्लॅक कुटुंब राहायला आलं, लेव्हिट ब्लॅक लोकांना विकत नव्हता म्हणून आधीच्या मालकाकडून घर घेऊन, तेव्हा रोज रात्री जमाव का जमत होता, दगड का पडत होते? १९६६ ला शिकागोत चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना दगड लागला तो कुठल्या मागणीसाठी काढलेल्या मोर्चात? घरांच्याच. घरविक्रीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा सही झाला ११ एप्रिल १९६८ ला, किंगच्या खुनानंतर बरोबर एका आठवड्याने, आणि अंमलबजावणी त्यातही लंगडीच होती.

घाबरू नका मात्र. हा विषय इंग्रजी कच्चं असलेल्यालाही जमतो, माझं काय फार ग्रेट नव्हतं. रिचमंड विद्यापीठाने १९३० च्या दशकातले एचओएलसीचे, म्हणजे घरकर्जांच्या सरकारी संस्थेचे, नकाशे ऑनलाइन फुकट ठेवलेत, हिरवा-निळा-पिवळा-लाल, हिरवा म्हणजे कर्जाला सगळ्यात चांगला भाग, लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा. एकच शहर घ्या, लाल भागावर क्लिक करा, सर्व्हेवाल्याचा फॉर्म उघडतो. त्यात कोणत्या लोकांची 'घुसखोरी' चालू आहे, असा चक्क छापील रकाना आहे. तो एक फॉर्म शब्दकोश घेऊन वाचायला मला अख्खी दुपार लागली, पण वर्षभराच्या लेक्चरपेक्षा जास्त कळलं. फक्त सगळं खापर या नकाशांवर फोडू नका, एचओएलसीने लाल भागातही कर्जं दिली होती, नव्या घरांची वाट अडवणारं खातं एफएचए होतं. परीक्षक इथेच पकडतात.

आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं ते आपण सगळेच उत्तराच्या शेवटी चिकटवतो. चिकटवू नका, मध्ये आणा, त्या वेळी दोघंही युनोकडे दाद मागायचा विचार करत होते हे सांगून. गाईडला दाखवायच्या आधी वर्गातल्या एखाद्या भांडकुदळ मित्राला वाचायला द्या, तो निदान वाचेल तरी.