नाशिकच्या थंडीत गाडी काढताय? या चुका टाळा

नाशिकची थंडी फसवी असते. दुपारी एसी लावून फिरलेली गाडी पहाटे दवाने निथळत असते, आणि निफाडकडे तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे थंडीसाठी गाडी तयार करायची असते हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. आलीच तर चिंता बॅटरीची. पण बॅटरी उतरली तर गाडी दारातच उभी राहते, एवढंच. माणसं मरतात ती समोरचं न दिसल्यामुळे, म्हणून आधी काचेबद्दल.

आतली वाफ हाताने पुसणं

सातपूर-अंबडची पहिली पाळी गाठायला चौघं गाडीत बसतात, काचा बंद, आणि पाच मिनिटांत पुढची काच धुरकट. चालवणारा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसतो. हाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि समोरून दिवे आले की तो भाग आणखी चमकतो.

वाफ येते ती आपल्या श्वासातली. गार काचेला लागून तिचं पाणी होतं. थंडी आहे म्हणून एसी बंद ठेवणं ही इथली मुख्य चूक. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. त्यामुळे एसी चालू, तापमानाचं बटण गरमकडे, हवेचा झोत पुढच्या काचेवर, आणि हवा बाहेरून येऊ द्यायची. धूळ नको म्हणून बरेच जण आतलीच हवा फिरवण्याचं बटण वर्षभर दाबून ठेवतात. हिवाळ्यात ते बंद करा, काच लवकर साफ होईल. आदल्या रात्री काच आतून कोरड्या, स्वच्छ कपड्याने पुसून ठेवली तर वाफ धरण्याचं प्रमाणही कमी होतं.

हीटर गारच हवा देत असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या ज्या पाण्याच्या उष्णतेवर हीटर चालतो त्याची, पातळी बघा. पातळी ठीक असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, तपासून घ्या. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन नीट गरम होत नाही, इंधन जास्त जातं आणि हीटरही नावालाच उरतो. तो परत बसवून घ्या.

बाहेरून काचेवर दव गोठलं असेल तर गरम पाणी ओतू नका, काच तडकू शकते. साधं पाणी आणि वायपर पुरेत. वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक झालेलं असतं, ते थंडीआधीच बदलायला हवं.

धुक्यात अप्पर लावणं

आकाश निरभ्र असलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटे सखल भागात, पाण्याजवळ धुकं साचतं. गोदाकाठ, नांदूर मध्यमेश्वरचा परिसर, दारणेच्या आसपासचे रस्ते यांत ते पट्ट्यापट्ट्याने भेटतं. रस्ता एकदम मोकळा, आणि पुढच्याच वळणावर काही दिसत नाही. त्यात द्राक्षबागांना थंडीपासून वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात, तो धूरही धुक्यात मिसळतो.

अशा वेळी अप्पर लावला की प्रकाश धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. डिपर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवणं हीसुद्धा चूकच आहे. मागच्याला तुम्ही थांबलात की चाललात ते कळत नाही, आणि वळताना तुमचा इंडिकेटर वेगळा दिसत नाही.

वेगाचा हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते आणि थांबायला ४० मीटरच्या आसपास लागतात. ३० मीटरवरचंच दिसत असेल तर ६० हा वेग धोक्याचा आहे. कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून त्याच्या मागे लागणारे खूप दिसतात. ट्रक चुकला तर तुम्हीही चुकता. रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरा. आणि थांबायचंच झालं तर रस्त्यात किंवा कडेला नाही, पंप किंवा ढाब्याच्या आवारात आत जाऊन थांबा.

गाळप हंगामातल्या उसाच्या ट्रॉल्या हा आपल्या जिल्ह्यातला आणखी एक धोका. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलात बुडालेला, आणि ऊस बाहेर लोंबत असतो. कोणी ट्रॉलीवाला ओळखीचा असेल तर त्याला रिफ्लेक्टर लावायला आग्रहाने सांगा. तुम्ही स्वतः पहाटे ओव्हरटेक करणं टाळा.

टायर आणि सेल्फ

तापमान सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. दुपारच्या उन्हात भरलेली हवा म्हणून पहाटे तीन-चार पीएसआय कमी भरते. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं.

गाडी सेल्फ घेत नसेल तर चावी धरून ठेवू नका. आठ-दहा सेकंद, मग अर्धा मिनिट थांबायचं. नुसता टकटक आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली आहे. डिझेल गाडीत डॅशबोर्डवरची स्प्रिंगसारखी पिवळी खूण विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात, त्यामुळे टाकीत थोडं पेट्रोल असू द्या. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू करायला जाऊ नका.

बंद शटरमागे इंजिन चालू ठेवणं

इंजिन गरम करायला दहा मिनिटं गाडी उभी ठेवण्याची गरज नाही. अर्धा मिनिट पुरतो, नंतर पहिले काही किलोमीटर हळू चालवा. पण गॅरेजचं शटर खाली ठेवून इंजिन चालू करणं कटाक्षाने टाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रात्री हीटर लावून बंद गाडीत झोपणंही तितकंच जीवघेणं. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत बाहेर पडा, आतल्या बाकीच्यांना बाहेर काढा आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जाऊन या.