ट्रकची एअर काढायची कशी, आणि ती शिरते कुठून ते शोधायचं कसं

ट्रक चालू होत नाही असं कुठेही विचारा, एक तरी शहाणा हमखास सांगतो, ‘स्पार्क प्लग साफ करून बघा.’ अहो, डिझेल इंजिनात स्पार्क प्लग असतोच कुठे? सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रस्त्यावर मला डिझेल गाडीने सगळ्यात जास्त वेळा दगा दिला तो एअरमुळे. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की पंप डिझेल ढकलण्याऐवजी तीच हवा दाबत बसतो, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल उघडत नाही आणि गाडी खोकून बंद पडते.

पुढचं सगळं जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी, कॉम्प्युटरवाली असेल तर नोझलच्या पाइपांना पाना लावायचा नाही. तिथे हजार बारच्या वर दाब असतो. डिझेलच्या लाइनीतल्या हँड पंपाने फिल्टरपर्यंतची हवा काढा, सेल्फ मारा, एवढंच. चालू झाली नाही तर स्कॅनरवाल्याला बोलवा. जुन्या पंपातही नोझलला दोनशे बारच्या आसपास दाब असतो, तेव्हा उडणाऱ्या धारेसमोर बोट धरू नका. कातडीत शिरलेलं डिझेल वरून सुई टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून हात सडवतं. तसं झालंच तर दुखायची वाट न बघता थेट दवाखाना.

गाडी सपाट जागी, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. टाकीत निदान वीस लिटर डिझेल असू द्या. १७ चा पाना, पेंचिस, जुनी बनियन.

एअर काढणं सोपं आहे. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलतो तो छोटा पंप म्हणजे फीड पंप. त्याच्यावरची हाताची मूठ आटे फिरवून मोकळी करा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि मूठ मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. असंच दुसऱ्या फिल्टरला, मग नोझलना डिझेल पाठवणाऱ्या मोठ्या पंपाच्या स्क्रूला. मूठ परत आटे बसवून बंद करा. हे विसरणारे पुष्कळ आहेत आणि मग तिथूनच हवा जाते. आता दोन-तीन नोझलचे पाइप एकेक आटा ढिले करा, इंजिन बंद करायची स्टॉपची केबल आत ढकललेली आहे ना ते बघा (हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय), ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारा. एक मिनिट थांबा. परत मारा. पाइपांतून डिझेल उडायला लागलं की आवळून टाका, गाडी उठते. सलग सेल्फ मारत बसलात तर एअर राहील बाजूला, बॅटऱ्या आणि सेल्फ दोन्ही बसतील. आणि हवेच्या पाइपात पेट्रोलचा फडका धरायला सांगणारा कोणी आला तर त्याला आधी चहा प्यायला पाठवा. डिझेल इंजिनात पेट्रोलची वाफ वेळेआधी पेटते, पिस्टनवर घण घातल्यासारखी.

बहुतेक सल्ले इथे संपतात. माझी खरी फजिती इथून पुढे झाली.

मे महिना होता, नागपूरचा मे. कळमना मार्केटहून माल भरून अमरावती रोडने निघालो आणि वाडी ओलांडायच्या आत गाडी बसली. एअर काढली, चालू झाली. सात-आठ किलोमीटरवर परत बसली. परत काढली. तिसऱ्या वेळी एका पार्किंगमध्ये लावली आणि मिस्त्री बोलावला. त्याने दोन्ही फिल्टर बदलले, जोडांतले वायसर (चकत्या) बदलले, शेवटी हात पुसत म्हणाला, ‘पंप गेला, उतरवावा लागते.’ खर्चाचा आकडा ऐकून मी बोनेटवर हात टेकला आणि तो भाजला. मी टॉर्च घेऊन दीड तास प्रत्येक जोड बघितला होता. एक थेंब गळत नव्हता.

बाजूच्या गाडीखाली चटई टाकून पडलेला एक म्हातारा ड्रायव्हर हे सगळं ऐकत होता. तो पडल्या पडल्याच बोलला, ‘तेल कुठून गळते थे काहून पाहून राहिला बापू? हवा कुठून शिरते थे पाह्य ना.’

मी तोवर दुसऱ्या टोकाकडून शोधत होतो. टाकी ते फीड पंप हा ओढण्याचा भाग. तिथे फीड पंप डिझेल खेचतो, म्हणजे चालू गाडीत त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. भेग असली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी बंद असताना फार तर ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. गळती दिसते ती फीड पंपाच्या पुढे, ढकलण्याच्या भागात. म्हणून ज्या गाडीची एअर पुन्हा पुन्हा होते आणि गळत कुठेच नाही, तिचा दोष जवळपास नेहमी टाकी आणि फीड पंपाच्या मधे सापडतो. सकाळी पटकन चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडणारी गाडीही याच जातीची. रात्रभर हवा शिरून लाइनीतलं डिझेल टाकीत उतरलेलं असतं, पंपात उरलेल्यावर ती तेवढी चालते.

शोधायची रीत अशी. आधी टाकीचं झाकण उघडा. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. ते साफ करा, काम झालं. नाही तर पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्या. फीड पंपावर टाकीकडून येणारा पाइप काढून तिथे ही नळी क्लिपने घट्ट बसवा, दुसरं टोक कॅनच्या तळापर्यंत सोडा. कॅन पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरपासून दूर बांधा. एअर काढून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालवा, रेस द्या. बंद पडली नाही तर तुमचा पंप ठणठणीत आहे, दोष टाकीकडच्या पाइपात. कॅनवरही बंद पडली तर पंपाकडे वळा, पण त्यातही आधी हाताच्या मुठीचं सील बघा.

मग टाकीचा पाइप परत जोडायचा, पण मधे त्याच नळीचा वीतभर तुकडा घालून. टाकीच्या तोंडापाशी तुकडा टाकला आणि बुडबुडे दिसले, तर दोष टाकीतल्या उभ्या नळीत. तिथे स्वच्छ आणि पंपाजवळ बुडबुडे, तर मधल्या पाइपात. माझ्या गाडीत बुडबुडे पंपाजवळ होते, साबुदाण्याएवढे, ओळीने. रबरी पाइप वरून छान काळा, गुळगुळीत. क्लिप काढून वाकवला तेव्हा तिच्या बरोबर खाली नखाएवढी भेग उघडली. इथल्या उन्हात आणि इंजिनच्या धगीत रबर कडक होतं, आणि क्लिप जिथे चावते तिथे तडकतं. तीन बोटं पाइप कापून टाकला, नवी क्लिप लावली. पंप आजही तोच आहे.

दुरुस्तीत दोन गोष्टींवर मी कोणाचं ऐकत नाही. टेफलॉन टेप डिझेलच्या आट्यांना लावायचा नाही. त्याचे तंतू पंपात जाऊन अडकतात. आणि साबणाने टाकीची गळती चार तास थोपते, ओढणाऱ्या पाइपावर तो साबण आत खेचला जातो. पाइप डिझेलचाच घ्या. ती पारदर्शक नळी तपासणीपुरती, दोन-चार आठवड्यांत ती लाकडासारखी होते. तांब्याचे वायसर नवे घाला. जवळ नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, नरम पडतात आणि एकदा परत बसतात.

सगळं आवळून झालं की रिकामीच गाडी वाडीहून अमरावती रोडवरच्या गोंडखैरीपर्यंत नेऊन आणा. परत आल्यावर पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू एकदा उघडा. फेस न येता डिझेल आलं तर माल भरा.