पिशवी आधी, मोबाईल नंतर

पेशंट समोर बसलाय, बाहेर बाकं भरलीत आणि औषधाबद्दल शंका आलीय. अशा वेळी नेमकं कुठे आणि कसं बघायचं, हे सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेली नवी डॉक्टर पोरं हर्णै बंदराजवळच्या माझ्या दवाखान्यात येऊन विचारतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मोबाईल उघडण्याआधी गोळ्यांची पिशवी मागा. "काय काय घेता?" याला आमच्याकडे "दोन पांढऱ्या नि एक गुलाबी" हेच उत्तर असतं. पिशवी टेबलावर सरळ उलटी करायची. गणपतीनंतर तर नक्कीच, कारण चाकरमानी मुलगा येताना आईसाठी मुंबईहून बीपीची 'चांगली' गोळी आणतो. मागे एक आजी पाय सुजले म्हणून आल्या. लघवीची गोळी लिहायला मी पेनही उघडलं होतं. पिशवीत इथली ॲम्लोडिपिन निघाली आणि मुंबईची टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन. नावं वेगळी, आजी दोन्ही घेत होत्या. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, हे शोधायला कुठलं ॲप लागलं नाही.

म्हणून स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. तेच शोधायचं. ब्रँडचं नाव टाकलंत तर बहुतेक वेळा औषधं घरपोच देणाऱ्या दुकानाचं पान उघडतं. नावापुढच्या एच, एएम अशा अक्षरांकडेही लक्ष ठेवा. एका अक्षराने आत दुसरं औषध येतं.

मग प्रश्न नेमका करा. मधुमेहाच्या गोळीबद्दल 'मेटफॉर्मिनची माहिती' असं शोधाल तर पानंच्या पानं वाचत बसाल. 'मेटफॉर्मिन, ईजीएफआर 28' (ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा) असं शोधलंत की लगेच कळतं: 30 च्या खाली द्यायची नाही. अंगावर पाजणारी आई असेल तर मी थेट लॅक्टमेड बघते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या साइटवर आहे, फुकट आहे. डोससाठी नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया. दोन औषधांचं आपसात जमतं का, हे बघायला मेडस्केप या अमेरिकन ॲपमधला तपासनीस.

अमेरिकन ॲपात एक गोची आहे. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड ग्लायबुराइड, आणि टीबीची रिफॅम्पिसिन रिफॅम्पिन. आपल्याकडे गुडघेदुखीला सर्रास लिहिलं जाणारं ॲसिक्लोफिनॅक तर तिकडे विकलंच जात नाही. यादीत एक औषध सापडलं नाही आणि उरलेल्यांवर तपासनीस गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्यावर विसंबू नका.

मी स्वतः कुठे चुकले तेही सांगते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनवरचा माणूस जुलाब घेऊन आला. तुफान पाऊस, लाइट नाही, रेंज नाही. मेट्रोनिडाझोल लिहून दिलं. पाच दिवसांनी हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून परत. आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा, भलताच चढलेला; मेट्रोनिडाझोलने वॉर्फरिनचा जोर वाढतो. वाचला तो. तेव्हापासून ऑफलाइन चालणारं ॲप मेमध्येच उतरवून ठेवते, आणि टेबलाच्या काचेखाली हाताने लिहिलेला कागद आहे: वॉर्फरिन, डिगॉक्सिन, लिथियम, मिथोट्रेक्सेट, फेनिटॉइन. यातलं एकही पिशवीत दिसलं तर बघितल्याशिवाय नवीन औषध लिहायचं नाही, रांग कितीही असो.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचा हिशेबही त्याच कागदावर आहे. किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या पोराला 150. 5 मिलीत 125 असलेल्या सिरपचे 6 मिली, 5 मिलीत 250 असलेल्याचे 3, आणि एका मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड. 'अर्धा चमचा द्या' लिहू नका. घरात कुठली बाटली आहे आणि चमचा चहाचा की आमटीचा, आपल्याला ठाऊक नसतं.

पेशंटसमोर बघायची लाज वाटते, हा सगळ्यांचाच प्रश्न. एका मावशींनी मला तोंडावर विचारलं होतं, "डॉक्टरीणबाय, येत न्हाय म्हनून मोबाईलात बघताव काय?" टेबलाखाली गुपचूप बघितलं की त्यांना वाटतं, ही व्हॉट्सॲप बघतेय. मी मोबाईल मध्ये ठेवते आणि सांगते, "तुमच्या जुन्या गोळीशी ही जमते का बघते हं." मग तेच वाकून बघायला लागतात, आणि मध्येच आठवून म्हणतात, "आयुर्वेदिक काढा पन घेतो हां."

शेवटी सापडलेलं पेशंटच्या कामाच्या भाषेत सांगा. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन बरीच जाते. ॲपमध्ये तिच्यापुढे दुष्परिणामांची लांबलचक यादी असते. गरोदर बाई नाही आणि आठ वर्षांखालचं मूल नाही, एवढी खात्री मी करते. बाकी यादीतलं समोरच्या माणसापुरतं उचलते. शेतावरच्या बाईला: रक्तवाढीच्या गोळीबरोबर घेऊ नको, मध्ये तीन तास जाऊ देत. बोटीवरच्या खलाशाला: पेलाभर पाण्याबरोबर घे, घेऊन लगेच फळीवर आडवा होऊ नकोस, आणि डेकवर उघड्या अंगाने बसू नकोस, कातडी भाजते. हे केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण बोटीवर गेल्यावर त्यालाही रेंज नसते.