निवृत्तीच्या तोंडावर विभागीय चौकशी : पोलिसांनी आधी तारीख तपासावी

महाराष्ट्र पोलीस दलातील कर्मचाऱ्यावर निवृत्तीच्या सुमारास आरोप आले, तर सर्वांत आधी तारखा तपासाव्यात. पुढचे जवळजवळ सगळे त्यांवर ठरते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू होतात. त्यातील नियम २७ नुसार दोषारोपपत्र दिल्याच्या दिवशी, किंवा त्याआधीच निलंबन झाले असल्यास निलंबनाच्या दिवशी, विभागीय कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते. नुसती प्राथमिक चौकशी म्हणजे कार्यवाही नव्हे. म्हणून दोषारोपपत्र स्वीकारताना सहीखाली दिनांक घालावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

सेवेत असताना सुरू झालेली चौकशी निवृत्तीने संपत नाही. ती पूर्ण होईपर्यंत नियम १३० प्रमाणे तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते; मात्र उपदान (ग्रॅच्युइटी) अंतिम आदेशापर्यंत थांबते आणि अंशराशीकरणही, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेणेही, करता येत नाही. कुटुंबाला खरा फटका बसतो तो इथे, त्यामुळे उपदानाच्या भरवशावर कर्जफेडीचा हिशेब मांडला असेल तर तो आधीच बदलावा. भविष्य निर्वाह निधी ही कर्मचाऱ्याची स्वतःची रक्कम आहे. तिच्यासाठी वेगळा अर्ज वेळेत करावा.

निवृत्तीनंतर नव्याने चौकशी सुरू करायची असेल, तर शासनाची मंजुरी लागते आणि आरोपाची घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. समजा, घटना जानेवारी २०२१ ची, निवृत्ती ३१ मे २०२४ ची आणि दोषारोपपत्र मार्च २०२५ चे आहे, व त्याआधी निलंबन झालेले नाही. तर ही कार्यवाही मुदतीबाहेरची ठरते, आणि हा आक्षेप पहिल्याच लेखी उत्तरात घ्यावा.

सेवेत असतानाच बडतर्फी झाली, तर पूर्वीची सेवा गमावली जाते, म्हणजे ती निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. निवृत्तीनंतर मात्र निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः रोखण्यासाठी गंभीर गैरवर्तन किंवा गंभीर हलगर्जीपणा सिद्ध व्हावा लागतो, आणि तसा आदेश शासनाने लेखी द्यावा लागतो. निवृत्तिवेतन ही मालमत्ता असून नियमाच्या आधाराशिवाय ते रोखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये झारखंड शासनाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे चौकशी अहवालाची प्रत मागून घ्यावी, दोष ‘गंभीर’ असल्याचा निष्कर्ष त्यात कोणत्या पुराव्यावर काढला आहे ते शोधावे, आणि तो नसेल तर आपले निवेदन त्याच मुद्द्यापासून सुरू करावे.