प्रवेश परीक्षा पुन्हा देताय? या चुका टाळा

प्रवेश परीक्षा किती वेळा द्यावी, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. चुका मात्र दरवर्षी त्याच होतात. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडण्याकडची मुलं आईवडिलांसोबत सल्ला विचारायला माझ्याकडे येऊन बसतात, तेव्हा मी माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्या खेपेला नेमकं काय बिघडलं ते कागदावर मांडता येत असेल, तर दुसऱ्यांदा जरूर द्या. तिसरी खेप हातात कुठला तरी प्रवेश असल्याशिवाय नको.

पुन्हा देणं आणि वर्ष घालवणं, यात गल्लत

अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरला जातो. एप्रिलमध्ये कमी पडले तरी जानेवारीचे कुठे जात नाहीत, म्हणून ती दोन्ही वेळा द्यावीच. बिट्स या खासगी अभियांत्रिकी संस्थेचंही तसंच आहे. तिच्या गोव्यातल्या झुआरीनगरच्या कॅम्पससाठी बिटसॅट ही परीक्षा एकाच वर्षी दोनदा देता येते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटची गोष्ट वेगळी आहे. ती वर्षातून एकदाच होते आणि तिचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशासाठी चालतो. गेल्या वर्षी बरे मार्क होते, यंदा पेपर बिघडला, तर गेल्या वर्षीचे मार्क कामाला येत नाहीत. ड्रॉप घेताना, म्हणजे कुठे प्रवेश न घेता वर्षभर पुन्हा तयारी करताना, हा धोका घरात आधीच बोलून ठेवायला हवा.

मर्यादा न वाचता तिसऱ्या वर्षाचा बेत

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही 2022 मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे तिथे थांबायचं कधी, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते. आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड मात्र सलग दोनच वर्षं. नोव्हेंबर 2024 मध्ये ती तीन वेळा देता येईल असं जाहीर झालं होतं, पण काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. म्हणजे दोन वर्षं ड्रॉप घेऊन तिसऱ्यांदा मेन देणाऱ्याला आयआयटीची वाट बंद झालेली असते. एनआयटी वगैरे केंद्राच्या इतर अभियांत्रिकी संस्था उरतात. तरीही 'आयआयटीसाठी अजून एक वर्ष' म्हणणारे पालक भेटतात आणि त्यांना हे सांगताना फार वाईट वाटतं. बिटसॅटला तर यंदा किंवा गेल्या वर्षी बारावी झालेल्यांनाच बसता येतं.

एकूण मार्क बघून निर्णय

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. '400 पडले, अजून एक वर्ष अभ्यास केला की 500 होतील' असं म्हणतात, पण ते शंभर मार्क कुठून येणार हे कोणी बघत नाही.

उत्तरतालिका आणि आपली ओएमआर शीट (गोल रंगवलेली उत्तरपत्रिका) शेजारी ठेवा. समजा, नीटच्या 180 पैकी 150 प्रश्न सोडवले, 110 बरोबर आले, 40 चुकले. बरोबरला चार आणि चुकल्यास वजा एक, म्हणजे 440 वजा 40, झाले 400. आता त्या 40 प्रश्नांसमोर एकेक खूण करा: धडाच येत नव्हता, येत होता पण घाईत चुकला, की नुसता अंदाजाने ठोकला. घाईतले 20 निघाले आणि ते सुधारले, तर तेवढ्यानेच 500 होतात, कारण प्रत्येक चुकीचं उत्तर बरोबर आलं की पाच मार्कांचा फरक पडतो. अशा मुलाला ड्रॉपचा खरंच फायदा होतो. सगळे 40 ठोकलेले असतील, तर ते मोकळे सोडूनही फक्त 40 वाढतात. आणि बहुतेक खुणा 'धडाच येत नव्हता' या रकान्यात असतील, तर एक वर्ष पुरेल का, हे विषयाच्या सरांना स्पष्ट विचारा. बारावीला शिकवलेले सर मुलाला ओळखतात. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची रिपीटर बॅच भरणाऱ्या क्लासवाल्याला विचारू नका.

एका वर्षाचे मार्क दुसऱ्या वर्षाशी ताडून बघू नका. 2024 च्या नीटमध्ये सुधारित निकालानंतर 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्याला 686. रँक बघा.

कोटाच्या नादात गोव्याचा हक्क सोडणं

दहावीनंतर काही जण शिकवणीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जातात, तिथल्या शाळेत डमी, म्हणजे नावापुरता, प्रवेश घेतात आणि बारावीही तिथूनच देतात. जेईईमध्ये तुमचं राज्य ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावर. घर गोव्यातल्या साखळी गावात असलं तरी त्याने काही फरक पडत नाही. एनआयटींत निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, म्हणजे गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या एनआयटीत गोव्याच्या मुलांना मिळणारी सवलत गेली. बारावी गोव्यातूनच करून नंतर शिकवणीला बाहेर गेलात तर हे नुकसान होत नाही.

हातातली जागा सोडून देणं

गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ. त्यामुळे 'गोमेकॉ नाही तर ड्रॉप' असं सहज म्हटलं जातं. पण नीटच्याच स्कोअरवर बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी आहे. अभियांत्रिकीसाठी फर्मागुडीचं सरकारी महाविद्यालय आहे. एकदा ड्रॉप घेऊन झाला असेल, तर इथली मिळणारी जागा घ्या, असं माझं ठाम मत आहे. कोर्स करत पुन्हा परीक्षा द्यायची असेल, तर शुल्क आणि जागा सोडण्याचे नियम आधी वाचा. अखिल भारतीय कोट्याच्या शेवटच्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही, तर पुढच्या वर्षी परीक्षेलाच बसू दिलं जात नाही, असंही होऊ शकतं. आयआयटीत एकदा प्रवेश घेतला की अॅडव्हान्स्ड पुन्हा देता येत नाही.

गेल्या वर्षीचेच दाखले पुढे करणं

ड्रॉपच्या वर्षात अभ्यासाकडे लक्ष असतं आणि कागद मागे पडतात. केंद्रीय प्रवेशांना ओबीसी नॉन-क्रिमी लेयर आणि ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) दाखले त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचे लागतात, गेल्या वर्षीचे चालत नाहीत. मामलेदार कार्यालयात जूनमध्ये रांगा लागतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच आईवडिलांपैकी कोणीतरी अर्ज करून टाकावा. मुलाला त्यासाठी अभ्यासातून उठवू नये.